वाऱ्यावरची धूळ आणि अंगठ्याचा ठेका



रॉकसंगीत म्हटलं की आमच्या वयाची मंडळी आधी कानांवर हात ठेवतात. पण कित्येक रॉक गाण्यांच्या आरंभी ढोल नसतो, आरडाओरड नसते. एकटी लाकडी गिटार असते आणि तीही नखीने नव्हे, तर उजव्या हाताच्या बोटांनी एकेक तार छेडून वाजवलेली. ऐकायला गोड, पण शिकायला चिवट काम!

आम्हांला हे कळलं रास अल खैमात. दुबईहून उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, समुद्र आणि डोंगर यांच्या मधोमध वसलेलं हे गाव. २०२० च्या करारानंतर इस्राएली पासपोर्टवर तिकडे जाणं शक्य झालं, म्हणून ठाण्याहून नोकरीसाठी तिथं गेलेल्या आमच्या भाचीकडे आम्ही काही दिवस राहून आलो. तिची मुलगी तेरा वर्षांची. तिची ही तिसरी शाळा. बापाच्या नोकरीचा करार संपला की पुन्हा ठाणं, नाहीतर आणखी कुठे, काही नक्की नाही. गिटार कोपऱ्यात उभी होती. विचारलं तर म्हणाली, "आजोबा, परत सगळं सोडून जायचंच आहे, तर शिकून काय करू? बोटं दुखतात ती वेगळीच."

ती अडली होती 'डस्ट इन द विंड' या गाण्याच्या सुरुवातीपाशी. नावाचा अर्थ वाऱ्यावरची धूळ. माणूस मातीचा आणि मातीतच जाणार, हा विचार आपल्याला कोहेलेथच्या पुस्तकातून ठाऊक आहेच. गाणं अमेरिकेतल्या 'कॅन्सस' या बॅंडचं, १९७७ सालचं. पुढच्या वर्षी ते तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. पण गंमत पुढेच आहे. ते रचणारे केरी लिव्हग्रेन तेव्हा बोटांनी गिटार वाजवायला शिकत होते आणि ही सुरावट म्हणजे त्यांचा रोजचा सराव होता. बोटांना वळण लागावं म्हणून घोटलेला धडा, दुसरं काही नाही. त्यांच्या पत्नीने तो ऐकला आणि म्हणाली, याचं गाणं करा. म्हणजे जगाने डोक्यावर घेतलेली ती सुरुवात मुळात शिकाऊ माणसाचा गृहपाठ होती! हे सांगितलं तेव्हा पोरगी आमच्याकडे बघतच राहिली.

आता बालमित्रांनो, कृती ऐका. गिटारीला सहा तारा. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. उजव्या अंगठ्याने पाचवी, चौथी, पाचवी, चौथी अशा तारा छेडायच्या, अगदी भिंतीवरच्या घड्याळासारख्या सारख्या अंतराने. हा झाला ठेका. आता बोटं. पहिल्या ठोक्याला अंगठ्याबरोबरच मधल्या बोटाने दुसरी तार. दुसऱ्या ठोक्यानंतर तर्जनीने तिसरी, तिसऱ्यानंतर मधल्या बोटाने दुसरी, चौथ्यानंतर पुन्हा तर्जनीने तिसरी. झालं एक आवर्तन. या पद्धतीला केंटकीचे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावावरून 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात.

उजव्या हाताचं हे चक्र बदलत नाही. डाव्या हाताने आधी 'सी' कॉर्ड धरायची, मग फक्त दुसऱ्या तारेवरचं बोट हलवायचं. आधी पहिल्या पट्टीत, मग तार मोकळी, मग तिसऱ्या पट्टीत, पुन्हा पहिल्या. बाकीची बोटं जागच्या जागी. एवढ्याशा हालचालीतून ती हुरहुर लावणारी सुरावट निघते. मोठी मेहनत अंगठ्याचीच, कारण बोटं चुकली की तोही त्यांच्या मागे धावतो. म्हणून प्रथम चार दिवस नुसता अंगठा चालवावा, आणि तोही अगदी हळू.

आता आजी-आजोबांचं काम. गिटार येत नसली तरी ठेका धरता येतो ना? कीर्तनाला टाळ्यांची साथ देणारे हात आहेत आपले! आम्ही रोज संध्याकाळी चमच्याने टेबलावर एक-दोन-तीन-चार वाजवत बसलो. ती चुकली तरी चमचा थांबवला नाही, घाई तर मुळीच केली नाही. दहा मिनिटं झाली की बस. बोटांची टोकं दुखतातच, पण रोज थोडंथोडं वाजवलं की काही आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते.

तिकडच्या हवेचीही काळजी घ्यावी लागते. समुद्राच्या दमट, खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, एसीच्या कोरड्या हवेने लाकूड आकसतं. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसून गिटार पेटीत ठेवायची. उन्हात तापलेल्या मोटारीत तर कधीच ठेवू नये. सांधे सुटतात.

आम्ही निघालो तोवर तिचं पहिलं 'सी'चं आवर्तन न अडखळता व्हायला लागलं होतं. पुढच्या 'ए मायनर'पाशी अजून गाडी अडते. नोकरीचं काय होणार तेही ठरलेलं नाही. पण आपल्याला एक गोष्ट माहीत आहे. देश सोडताना आपण भांडी वाटली, कपाटं विकली, पण पुरीमची पुरणपोळी लाटणारा हात कुणी विमानतळावर काढून घेतला नाही. तिचा अंगठाही तसाच तिच्याबरोबर जाईल. परवा फोनवर तिनेच विचारलं, "आजोबा, चमचा आहे का जवळ?"

तर मुलांनो, घरात गिटार असेल तर आजपासून नुसता अंगठा. आणि आजोबांनो, चमचा घ्या! पुढच्या अंकी भेटूच. शालोम.