तर्री, मी आणि मे महिना

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. ‘यार, शेल्टरमधून एक मस्त मोठ्ठा डॉगी आणायचा विचार आहे. कसं राहील?’ सोबत तीन हार्टवाले स्मायली. मी उत्तर टाइप करणार, तेवढ्यात आमच्या तर्रीने फोनवर पंजा मारला. म्हणून उत्तर इथेच देतेय. तुमच्याही डोक्यात हा किडा वळवळत असेल, तर वाचाच.

तर्री म्हणजे आमचा कुत्रा. वय दोन वर्षं, वजन ३१ किलो. बाप बहुतेक जर्मन शेफर्ड, आई शंभर टक्के गल्लीतली. रंग पोह्यांवरच्या तर्रीसारखा, म्हणून नाव तर्री. शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याने दोन्ही पाय माझ्या खांद्यावर टाकून चष्मा चाटून काढला. आपण तर जागीच फ्लॅट!

शेल्टरच्या काकू मात्र अजिबात इम्प्रेस झाल्या नाहीत. ‘हा दोनदा परत आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘दोघांचंही एकच, उड्या फार मारतो.’ मग इंटरव्ह्यू सुरू. काम काय करतेस? घर भाड्याचं का? घरमालकांना विचारलंस? आणि शेवटचा प्रश्न, ‘मे महिन्यात दुपारी दोन वाजता हा कुठे असेल?’ मी म्हटलं, ‘कूलरसमोर.’ झाले पास!

पहिले तीन दिवस साहेब पलंगाखालून बाहेर आले नाहीत. मला वाटलं, किती शहाणं बाळ! चौथ्या दिवशी बाळाला कळलं की आपल्याला इथेच राहायचंय. मग लॅपटॉपचा चार्जर गेला, सोफ्याची उशी गेली, घरमालकांची डावी चप्पल गेली. दहाव्या दिवशी डेडलाइन डोक्यावर, याचं भुंकणं चालू आणि खालचे काका दारात. मी शेल्टरला फोन लावला. ‘काकू, मला नाही जमत. आणून सोडते.’

‘आण ना बेटा. गेट उघडंच आहे,’ काकू म्हणाल्या. ‘फक्त एक सांग, आज त्याला किती फिरवलंस?’

‘दहा मिनिटं.’

काकू पुढे काही बोलल्या नाहीत. गरजच नव्हती. आधीच्या दोघांना मी मनातल्या मनात केवढ्या शिव्या घातल्या होत्या! आणि आता तिसरी मीच.

तर मंडळी, एवढा मोठा दमदार कुत्रा घरात दिवसभर बेरोजगार असतो. आपण काम दिलं नाही, तर तो स्वतःच शोधतो, सोफ्यात. आता सकाळी साडेपाचला आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ चढतो. वाटेत हवं ते मनसोक्त हुंगू देते, त्याने डोकंही थकतं. दुसरा राउंड रात्री आठनंतर. उन्हाळ्यात दुपारी बाहेर नाही म्हणजे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करावं लागतं. आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टिकली नाही, तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत.

शेल्टरवाल्यांचा एक तीनचा हिशेब असतो. तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे रुटीन समजण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. मी दहाव्या दिवशीच हात टेकले होते.

आठवतंय? ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचंय ना, मग रीतसर दत्तक घ्या, मनपाकडे नोंदणी करा. नोव्हेंबरमध्येच सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर पालिकेकडे अर्ज करा, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी तुमची. थोडक्यात काय, घेण्याची सक्ती नाही. एकदा घेतला, की मग मात्र सुट्टी नाही. शेल्टरच्या कुत्र्याचंही तेच समजा.

खर्चही धरा. नसबंदी, दरवर्षीची रेबीजची लस, जंतांचं औषध, खाणं आणि कूलरचं वाढीव बिल. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण जिन्यात त्याने केलेली घाण आपणच उचलायची.

तर मैत्रिणी, आण. पण या शनिवारी नको. आधी आठवडाभर साडेपाचचा अलार्म लाव आणि एकटीच फिरून ये. सातव्या दिवशीही उठलीस, तर काकूंचा नंबर देते. मे महिन्याचं उत्तर तेवढं तयार ठेव!