विश्लेषण : जुन्या घरांचे वीजबिल कमी का होत नाही?

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यासाठी सरकार अनुदान देते. नव्या इमारती कमी तापाव्यात म्हणून संहिताही आहे. पण आधीच उभ्या असलेल्या घरांचे काय? उन्हाळ्यात सर्वाधिक तापणारी ही घरे धोरणाच्या कक्षेबाहेर का राहिली, याचा आढावा.

नियम कोणासाठी?

केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. भिंती, खिडक्या आणि छत यांतून घरात किती उष्णता यावी, याच्या मर्यादा तिने ठरवल्या. मात्र ती नव्या बांधकामांसाठी आहे आणि राज्यांनी आपल्या बांधकाम नियमांत आणल्यावरच ती प्रत्यक्षात लागू होते. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या चार मजली सोसायटीला किंवा पत्र्याच्या घराला याचा फारसा उपयोग नाही.

उष्णता येते कुठून?

वरच्या मजल्यावर मुख्यतः स्लॅबमधून. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे एसी अधिक वेळ चालवावा लागतो. छताला पांढरा परावर्तक रंग दिल्यास किंवा पांढरे चायना मोझॅक बसवल्यास खोलीचे तापमान साधारण २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकते. पश्चिमेकडील खिडकीसाठी बाहेरून लावलेले छज्जे किंवा चिकाचे पडदे आतल्या पडद्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते.

बचत किती?

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. रोज १५ तास वापर धरल्यास एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. तीन पंखे बदलले तर ६० युनिट. महावितरणचे दर टप्प्यांनुसार वाढतात. त्यामुळे ३०० युनिटच्या थोडा वर असलेला ग्राहक खालच्या टप्प्यात आला, तर त्याची सर्वांत महाग युनिटे आधी कमी होतात. एसीचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण मालकीची. गच्ची सोसायटीची, उष्णता मात्र वरच्या मजल्याची. खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा आणि थेट लाभ मोजक्या घरांना मिळायचा, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव रखडतो. भाड्याच्या घरात बिल भाडेकरू भरतो, तर दुरुस्तीचा निर्णय घरमालकाचा असतो. दुसरी अडचण अनुदानाच्या दिशेची. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराला कमाल ७८ हजार रुपये मिळतात, पण ते वीजनिर्मितीसाठी. छत रंगवण्यासाठी किंवा पंखे बदलण्यासाठी त्यात तरतूद नाही. परिणामी, आधी विजेची गरज कमी करून मग तेवढेच पॅनेल बसवण्याऐवजी तापलेल्या घराच्या गरजेइतके पॅनेल बसवले जातात.

मार्ग कोणता?

अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये उष्णता कृती आराखड्यांतर्गत कमी उत्पन्न गटातील वस्त्यांत शीत छतांचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणने २०२३ मध्ये स्वतंत्र शीत छत धोरण आणले आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छतांचे लक्ष्य ठेवले. परावर्तक रंगावर धूळ बसली की परिणाम घटतो, त्यामुळे छत धुणे आणि काही वर्षांनी पुन्हा रंगवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील सोसायट्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर काही वर्षांनी खर्च करतातच. त्याच कामात वरचा थर पांढरा ठेवला, तर जादा खर्च मर्यादित राहतो. गळती थांबल्याचा लाभ साऱ्या इमारतीला होत असल्याने सभेत ठराव होणेही तुलनेने सोपे जाते. पत्र्याच्या घरांना हा मार्ग नाही. तेथील छतांचा खर्च महापालिका उचलणार की राज्य, हा प्रश्न मात्र धोरणानेच सोडवावा लागेल.