टाळ्या झाल्या, आता नोंद करा

कोविड संपला असं म्हणणाऱ्यांनी एकदा भोसरीला माझ्या खालाच्या घरी यावं. तिची मोठी मुलगी, आमची आपा, स्टाफ नर्स. सप्टेंबर २०२० मध्ये एका खाजगी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात तिला लागण झाली. पंधरा दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ती ड्युटीवर हजर झाली. कागदोपत्री गोष्ट इथे संपते. प्रत्यक्षात आजही एक नाइट केली की पुढचे दोन दिवस ती अंथरुणात असते. जिना चढली की छातीत धडधड. इंजेक्शनचा डोस मोजताना आकडा डोक्यातून निसटायला लागला, तेव्हा पेशंटच्या जिवाशी खेळ नको म्हणून तिने स्वतःच वॉर्ड सोडला. आता ती एका दवाखान्यात नंबर लावून देते, पगार जवळपास निम्मा. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. मॅनेजमेंटचं म्हणणं, टेन्शन घेऊ नका, आणि कोविड तुम्हाला वॉर्डातच झाला कशावरून?

हा ‘कशावरून’ मला फार चीड आणतो. त्याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे.

आधी आजाराबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची व्याख्या केली: लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारा, किमान दोन महिने टिकणारा आणि दुसऱ्या कोणत्याही निदानात न बसणारा त्रास. थकवा, धाप, विसराळूपणा, आणि थोडे श्रम झाले की दुसऱ्या दिवशी कोसळणं. तो पकडणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला वेगळा कोडही आहे, यू०९. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पक्की जाणतो: ज्याला रकाना नाही, ते सिस्टिमच्या लेखी घडलेलंच नाही. केसपेपरवर हा कोड किंवा निदानाचे दोन शब्द कोणी लिहिले नाहीत, तर आपासारख्या नर्सेस आकड्यांत कधीच दिसणार नाहीत. मग अधिकारी खुशाल म्हणतील, आमच्याकडे अशी केस नाही.

आठवा, २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या. ३ मे ला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं पडली. लस मात्र १६ जानेवारी २०२१ ला आली. मधले दहा महिने वायसीएममध्ये, नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवरच्या जंबोत, ऑटो क्लस्टरमध्ये नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार लसीशिवाय उभे होते. त्यातले कितीतरी कंत्राटी. जंबो बंद झालं, मांडव निघाला, ऑर्डर संपली. ज्याची ऑर्डरच संपली त्याची तब्येत विचारणार कोण?

केंद्राने ५० लाखांचा विमा दिला, त्यात कंत्राटी माणसं आणि आशाताईही होत्या, हे मान्य. पण तो मृत्यूसाठी. जी जगली आणि कामाला निकामी झाली तिला त्यातून एक रुपया नाही. आशाताईंना तर कायदा कर्मचारीच मानत नाही, त्या ‘स्वयंसेविका’. जून २०२१ मध्ये संप केला तेव्हा कुठे महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाला.

आता त्या ‘कशावरून’कडे येतो. २०२० मध्ये लागू होता कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘अ’ भागात पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची होती आणि त्यात आरोग्यसेवेचं व प्रयोगशाळेचं काम स्पष्ट लिहिलं होतं. अशा कामात असा आजार झाला की तो कामावरचा अपघात धरायचा, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे पुरावा नर्सने नाही, मालकाने द्यायचा! ईएसआय कायद्यातही हीच यादी होती. फरक पैशात पाहा. साधी आजारपणाची रजा धरली तर पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षाला ९१ दिवस. कामामुळे झालेली इजा धरली तर सुमारे ९० टक्के, तात्पुरती अक्षमता असेपर्यंत. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये बोट गेलं तर कामगाराला हा हक्क माहीत असतो, युनियन लगेच धावते. वॉर्डात फुप्फुस गेलं तर? जर्मनीत आरोग्य कर्मचाऱ्यांचा कोविड व्यवसायामुळे झालेला आजार म्हणून मान्य होतो. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही लागत नव्हता, होता तोच वाचायचा होता.

आपल्या कौमचंही थोडं बोलू. २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिमांनी ३६ लाख जमवून आयजीएम हॉस्पिटलला १० खाटांचा आयसीयू दिला. पुण्यात आझम कॅम्पसने मशिदीची जागा क्वारंटाइनसाठी उघडली. याचा अभिमान आहेच, आणि त्याच दिवसांत आपल्याला ‘कोरोना पसरवणारे’ म्हटलं गेलं तेही विसरलो नाही. पण खाटा देणं सोपं, कारण खाटेचा फोटो निघतो. खाटेशेजारी उभी राहून आजारी पडलेल्या बाईचा फोटो निघत नाही. दरवर्षी रक्तदान शिबिर घेणाऱ्या आपल्या मंडळांनी वस्तीतल्या नर्सेस, आया, वॉर्डबॉय यांची एक साधी यादी तरी केली का? कुदळवाडी, चिखली, भोसरीत घरटी विचारलं तर आठवड्याचं काम आहे.

कामाला सुरुवात माहिती अधिकाराने करता येईल. महापालिकेला विचारा: २०२० ते २०२२ मध्ये वायसीएम आणि जंबोतल्या किती कर्मचाऱ्यांना लागण झाली, त्यात कायम किती, कंत्राटी किती, किती जणांना नंतर हलकं काम द्यावं लागलं, किती जणांची कामावरची इजा म्हणून नोंद झाली. अर्ज मराठीत चालतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. १९२३ च्या कायद्यात भरपाईचा दावा दोन वर्षांत करायचा होता, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. आपाची फाइल मी तयार करतोय: ड्युटी चार्ट, पॉझिटिव्ह रिपोर्ट, रजेचे अर्ज. तुमच्या घरातल्या कोणाचे हे कागद असतील तर रद्दीत देऊ नका.