विश्लेषण : बियॉन्से की जो रोगन? अमेरिकेच्या निवडणुकीत ताऱ्यांचे वजन नेमके किती?

२५ ऑक्टोबर २०२४. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या मतदानाला अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी दोन्ही प्रमुख उमेदवार टेक्सासमध्ये होते. हे राज्य रिपब्लिकन पक्षाकडे जाणार, याबद्दल कोणाला फारशी शंका नव्हती. तरीही कमला हॅरिस ह्यूस्टनमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी घेतलेल्या सभेत गायिका बियॉन्सेसोबत व्यासपीठावर होत्या, तर डोनाल्ड ट्रम्प ऑस्टिनमध्ये जो रोगन यांच्यासमोर जवळपास तीन तास गप्पा मारत बसले होते. त्या नादात मिशिगनमधील सभेला पोहोचायला त्यांना इतका उशीर झाला की, थंडीत ताटकळलेले काही समर्थक निघून गेले. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेला हा सौदा परवडणारा वाटला. नोव्हेंबर २०२६च्या मध्यावधी निवडणुकांची तयारी करताना दोन्ही पक्ष आजही त्या दिवसाचा हिशेब मांडत आहेत.

कलाकारांच्या पाठिंब्याने मते वाढतात का?

लक्ष नक्की वेधले जाते, मतांचे मात्र सांगता येत नाही. १० सप्टेंबर २०२४ रोजी हॅरिस-ट्रम्प वादचर्चा संपताच टेलर स्विफ्टने इन्स्टाग्रामवरून हॅरिस यांना पाठिंबा दिला. जे. डी. व्हान्स यांनी २०२१मध्ये ‘मांजरे पाळणाऱ्या निपुत्रिक बायका’ अशी टोमणेवजा टिप्पणी केली होती. स्विफ्टने तेच बिरुद आपल्या नावाखाली लावले. तिने दिलेल्या दुव्यावरून २४ तासांत ४ लाख ५ हजार ९९९ जण मतदार नोंदणीची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर पोहोचले. पण संकेतस्थळ उघडणे म्हणजे नोंदणी नव्हे आणि नोंदणी म्हणजे मतदान नव्हे. २०१८मध्येही स्विफ्टने टेनेसीतील सिनेटच्या लढतीत डेमोक्रॅट फिल ब्रेडेसन यांची बाजू घेतली होती. निवडून आल्या त्या रिपब्लिकन मार्शा ब्लॅकबर्न.

याउलट उदाहरण ऑप्रा विनफ्री यांचे. त्यांच्या पाठिंब्यामुळे बराक ओबामा यांना २००८च्या पक्षांतर्गत लढतीत सुमारे १० लाख जादा मते मिळाली, असा अंदाज क्रेग गार्थवेट आणि टिमथी मूर या अर्थतज्ज्ञांनी मांडला. फरक परिस्थितीचा आहे. ओबामा तेव्हा देशाला नवे होते आणि लढत एकाच पक्षातील दोघांत होती. अशा वेळी ओळखीच्या व्यक्तीचा शब्द उपयोगी पडतो. २०२४मध्ये ट्रम्प यांच्याबद्दल मत बनायचे राहिलेले मतदार थोडे होते. मतदानाच्या आदल्या रात्री फिलाडेल्फियात हॅरिस यांच्यासाठी लेडी गागा आणि ऑप्रा दोघी आल्या, तरीही पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांनीच जिंकले.

राजकारण आणि करमणुकीचे हे नाते नवे आहे का?

अजिबात नाही. रुक्ष प्रतिमेचे रिचर्ड निक्सन १९६८मध्ये ‘लाफ-इन’ या विनोदी कार्यक्रमात काही सेकंद झळकले. १९९२मध्ये बिल क्लिंटन यांनी आर्सेनियो हॉल यांच्या कार्यक्रमात गॉगल लावून सॅक्सोफोन वाजवला. रोनाल्ड रेगन तर अभिनेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, मग कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर आणि पुढे देशाचे अध्यक्ष झाले. ट्रम्प यांना घराघरांत पोहोचवले ते २००४मध्ये सुरू झालेल्या ‘द अप्रेंटिस’ने. फरक एवढाच की, तेव्हा उमेदवार दूरचित्रवाणीच्या दारात पाहुणा म्हणून जात असे. दार कोणासाठी आणि किती वेळ उघडायचे, हे वाहिनी ठरवत असे.

मग पॉडकास्टने काय बदलले?

वेळ आणि सूर. वृत्तवाहिनीवरील मुलाखत साधारण अर्ध्या तासात आटोपते, त्यात प्रश्न टोकदार असतात. पॉडकास्टमध्ये मुष्टियुद्ध, व्यसन, मुलेबाळे, परग्रहवासी असा कुठलाही विषय निघतो. राजकारणाकडे फिरकत नसलेला श्रोता कामावर जाता-जाता किंवा व्यायाम करताना तीन तास तो आवाज ऐकतो. उमेदवार त्याला पटेलच असे नाही, पण ओळखीचा वाटू लागतो. ट्रम्प यांनी रोगनखेरीज थिओ व्हॉन, लेक्स फ्रिडमन, एडिन रॉस यांच्याकडेही हजेरी लावली. रोगन यांच्या कार्यक्रमाला यूट्यूबवर काही दिवसांतच तीन कोटींहून अधिक ‘व्ह्यूज’ मिळाले. हॅरिस यांनी तरुणींमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘कॉल हर डॅडी’ला मुलाखत दिली. मात्र रोगन यांच्याशी त्यांची बोलणी फिसकटली. मतदानाच्या आदल्या दिवशी रोगन यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. विजयसभेत यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी या पॉडकास्टवाल्यांचे नाव घेऊन आभार मानले.

प्यू रीसर्च सेंटरच्या २०२४मधील पाहणीनुसार, अमेरिकेतील २१ टक्के प्रौढ समाजमाध्यमांवरील ‘इन्फ्लुएन्सर’कडून नियमितपणे बातम्या घेतात. तिशीच्या आतील गटात हे प्रमाण ३७ टक्के आहे. याच वयोगटातील पुरुषांमध्ये ट्रम्प यांची मते २०२०च्या तुलनेत वाढली. मात्र म्हणून पॉडकास्टनेच निवडणूक जिंकून दिली, असे म्हणता येणार नाही. महागाई आणि स्थलांतर हे प्रश्न होतेच, शिवाय ज्यो बायडेन यांनी जुलैअखेर माघार घेतल्याने हॅरिस यांना जेमतेम साडेतीन महिने मिळाले. ट्रम्प यांना ३१२ प्रतिनिधी मते मिळाली, तरी लोकमतांत अंतर दीड टक्क्याच्या आसपासच होते.

नियम सर्वांना सारखे आहेत का?

नाहीत, आणि खरी मेख इथेच आहे. १९३४च्या दूरसंचार कायद्यानुसार, परवानाधारक रेडिओ वा दूरचित्रवाणी केंद्राने बातम्या आणि वृत्तविषयक मुलाखतींखेरीज एका उमेदवाराला वेळ दिला, तर मागणी केल्यास प्रतिस्पर्ध्यालाही तशीच संधी द्यावी लागते. २ नोव्हेंबर २०२४ रोजी हॅरिस ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात अल्पकाळ दिसल्या. लगेच दुसऱ्या दिवशी ‘एनबीसी’ला ट्रम्प यांच्यासाठी मोटारशर्यतीच्या आणि फुटबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात मोफत जागा काढावी लागली. रोगन यांच्या तीन तासांना मात्र हा नियम लागू नाही, कारण पॉडकास्टला प्रसारण परवानाच लागत नाही. दोघांना सारखी संधी द्यायची का, चुकीचे विधान तिथल्या तिथे दुरुस्त करायचे का, हे सर्वस्वी यजमानाच्या मर्जीवर असते. कायदा जुन्या माध्यमाच्या मापाने बेतलेला आणि श्रोता नव्या माध्यमात गेलेला, अशी ही स्थिती आहे.

गंमत म्हणून पसरलेल्या मीमची किंमत कोण मोजतो?

ओहायोतील स्प्रिंगफील्डने ती मोजली. हैतीतून आलेले स्थलांतरित तेथे लोकांची कुत्री-मांजरे खातात, ही अफवा आधी समाजमाध्यमांवर फिरली. व्हान्स यांनी ती उचलली आणि १० सप्टेंबरच्या वादचर्चेत ट्रम्प यांनी ती कोट्यवधी प्रेक्षकांपुढे मांडली. शहर प्रशासनाकडे असा विश्वासार्ह अहवाल नाही, हे सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर यांनी लगेच सांगितले. पण त्या एका वाक्याला चाल लावून गाणी निघाली, त्यावर नाच झाले. म्यूर यांची दुरुस्ती त्या गाण्यांत कुठेच नव्हती. ट्रम्प यांची खिल्ली उडवणाऱ्यांनीही ते वाक्य तितक्याच हौसेने पुढे धाडले.

स्प्रिंगफील्डमध्ये मात्र बॉम्बच्या तीसहून अधिक धमक्या आल्या. सगळ्या खोट्या निघाल्या, पण शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. राज्य पोलिसांना शाळांच्या दारात उभे राहावे लागले आणि शहराचा सांस्कृतिक महोत्सव रद्द झाला. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी अफवेचे जाहीर खंडन केले. ते स्वतः रिपब्लिकन, तरी उपयोग मर्यादितच झाला. ज्यांच्यावर विनोद झाला, ती कुटुंबे मुलांना शाळेत पाठवायला घाबरत होती.

डेमोक्रॅट्सनी यातून काय घेतले?

त्या पक्षाच्या जोहरान ममदानी यांचे उदाहरण बोलके आहे. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे हे पुत्र. नोव्हेंबर २०२४मध्ये, निकालानंतर काही दिवसांतच, ते ध्वनिक्षेपक घेऊन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स आणि क्वीन्समधील रस्त्यांवर उभे राहिले आणि ट्रम्प यांना मत का दिले, असे लोकांना विचारत गेले. घरभाडे, किराणा, महागाई अशी उत्तरे येत गेली. पुढे हातगाडीवरचा चिकन-भात महाग का झाला, यावर त्यांनी चित्रफीत केली. पसंतीक्रमाचे मतदान त्यांनी आंब्याच्या लस्सीचे पेले मांडून हिंदी-उर्दूत समजावले आणि ‘दीवार’मधील अमिताभ बच्चनलाही प्रचारात ओढले. जून २०२५मध्ये त्यांनी अँड्र्यू क्युओमो यांना पक्षांतर्गत लढतीत हरवले आणि ४ नोव्हेंबरला ते महापौर म्हणून निवडून आले.

न्यूयॉर्क म्हणजे अमेरिका नव्हे. डेमोक्रॅट्सच्या बालेकिल्ल्यातील हा विजय अटीतटीच्या राज्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्या चित्रफितींत सुरुवातीला तारा नव्हता, होते ते रस्त्यावरचे मतदार आणि त्यांची तक्रार. ह्यूस्टनच्या सभेत बियॉन्सेला पाहायला आलेल्यांची मते बहुधा आधीच ठरलेली होती. न ठरलेल्यांकडे जायचे तर आधी त्यांचे ऐकावे लागते. आणि तिथे बोललेले खरे की खोटे, हे तपासणारा कोण, या प्रश्नाला मध्यावधी निवडणुकांच्या तोंडावरही दोन्ही पक्षांकडे उत्तर नाही.