एकतेची शपथ आणि बंद दार

डेहराडूनमध्ये शिकायला गेलेला त्रिपुराचा एक तरुण दोन आठवड्यांहून अधिक काळ रुग्णालयात मृत्यूशी झुंजला आणि डिसेंबर 2025 संपता संपता गेला. त्याला चेहऱ्यावरून डिवचले, जाब विचारला म्हणून हल्ला झाला, असे त्याचे कुटुंबीय सांगतात. वांशिक द्वेषाचा पुरावा नाही, आपसांतली थट्टामस्करी चालली होती, असे पोलिसांचे म्हणणे. खटला चालेल, न्यायालय ठरवायचे ते ठरवेल. पण थट्टा कशाला म्हणायचे हे करणाऱ्याने ठरवायचे नसते. ईशान्येतून शिकायला आलेल्या कोणत्याही मुलीला विचारा. ‘चिंकी’, ‘चायनीज’, ‘ए नेपाळी’ हे शब्द ती दर आठवड्याला ऐकते आणि मान खाली घालून पुढे जाते. त्या दिवशी त्या तरुणाने मान खाली घातली नाही.

या हल्ल्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, 31 ऑक्टोबरला, सरदार पटेलांच्या 150व्या जयंतीनिमित्त देशभर एकतेची शपथ घेतली गेली. शाळांत, कचेऱ्यांत, पोलिस ठाण्यांतही. 2014 पासून हा दिवस राष्ट्रीय एकता दिवस म्हणून पाळला जातो. दौड निघते, छायाचित्रे निघतात, अहवाल वर पाठवले जातात. शपथ घेण्याला आमचा विरोध नाही. आमचा राग आहे तो शपथेवर सगळे भागवण्याच्या सवयीवर. हात पुढे करून म्हटलेल्या चार ओळींनी कोणाची कोणाशी मैत्री होत नाही. मैत्रीला शेजार लागतो. शेजाराला घर लागते. आणि घराचे दार बंद आहे.

हे सरकारला माहीत नव्हते असे नाही. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून टवाळी झाली, मारहाण झाली आणि तो दगावला. त्यानंतर केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने त्याच वर्षी जुलैत अहवाल दिला. वांशिक अपशब्द आणि अपमानासाठी दंड संहितेत स्वतंत्र कलमे घाला, खटले लवकर चालवा, शाळेच्या पुस्तकांत ईशान्येचा इतिहास आणा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. मध्ये दहा वर्षे गेली. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली, म्हणजे अख्खा दंड कायदाच नव्याने लिहिण्याची संधी होती. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश वा जन्मस्थानावरून केलेल्या खुनाची नोंद या संहितेने घेतली. पण रोजच्या अपमानासाठी मागितलेले ते कलम तिच्यात नाही. माणूस मेला तर कायदा जागा होणार, तोवर त्याने सोसायचे. मार्च 2020 मध्ये दिल्लीत मणिपूरच्या तरुणीवर ‘कोरोना’ म्हणत थुंकणारा माणूस याच पोकळीत वाढला होता. राष्ट्रीय एकात्मता परिषद जबलपूरच्या दंगलीनंतर 1961 मध्ये स्थापन झाली, आणि तिची बैठक सप्टेंबर 2013 नंतर झालेली नाही. दौडीसाठी दरवर्षी वेळ मिळतो, बैठकीसाठी नाही.

दाराचे पाहा. 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेची पुस्तिका काढली. तिच्यात बांबूचे कोंब आणि आंबवलेल्या सोयाबीनसारखे वासाचे पदार्थ शिजवून शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असा उपदेश होता. मार खाणाऱ्यालाच शिस्त शिकवण्याचा हा प्रकार. मराठी वाचकाला तो दूरचा वाटू नये. सुक्या बोंबलाच्या वासावरून मुंबईत किती मराठी कुटुंबांना दलालाने परस्पर वाटेला लावले आहे, हे कोळीवाड्यात किंवा गिरगावात कुणीही सांगेल. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला. खवळायलाच हवे होते. पण त्याच महाराष्ट्रात आडनाव मुसलमानी असले की फोन ठेवला जातो, ‘जात कोणती’ हा प्रश्न ‘मूळ गाव कुठलं’ असा वळसा घालून विचारला जातो, नाक बसके दिसले की खोली ‘आत्ताच गेली’ असे उत्तर मिळते. तेव्हा आपण का खवळत नाही?

पुण्याने ऑगस्ट 2012 विसरू नये. आसामात कोक्राझारला हिंसाचार उसळला, इकडे पुण्यात ईशान्येच्या काही तरुणांना मारहाण झाली, मोबाइलवरून अफवा पसरल्या, आणि बंगळुरू-पुण्याहून हजारोंनी गुवाहाटीची गाडी धरली. केंद्राला पंधरा दिवस घाऊक संदेशांवर बंदी घालावी लागली. ती मुले या शहरात वर्षानुवर्षे राहत होती, हॉटेलांत, पार्लरमध्ये, सुरक्षा रक्षक म्हणून, महाविद्यालयांत. एवढ्या वर्षांत त्यांच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी त्यांची चहाची तरी ओळख झाली असती, तर एका संदेशावर त्यांनी बॅगा भरल्या असत्या का? ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ हे मंत्र्याने दूरचित्रवाणीवर सांगून पटत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितले तर पटते.

आणि दार बंद करण्याला कायद्याचा टेकू मिळावा, हे तर अधिकच संतापजनक आहे. सरदार पटेलांच्या 182 मीटर उंच पुतळ्याच्या पायथ्याच्या केवडियाचे नाव गुजरातने एकता नगर केले. त्याच राज्यात 1991 चा अशांत क्षेत्र कायदा लागू आहे. त्यानुसार अधिसूचित भागात घर विकायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने कुणाला कवडीमोलाने घर विकावे लागू नये, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात हिंदूने मुसलमानाला घर विकणे अडवण्याचे ते हत्यार झाले आहे. 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. वस्त्या अशा रीतीने वेगळ्या होत जातात, मुले वेगळ्या शाळांत जातात, आणि विशीपर्यंत दुसऱ्या समाजाचा एकही मित्र नसलेला तरुण तयार होतो. त्याच्या हाती एकतेची शपथ देऊन काय साधणार?

सिंगापूरने 1989 मध्ये सरकारी वसाहतींतल्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे प्रमाण ठरवून दिले. त्याची झळही आहे, अल्पसंख्याकाला घर विकताना ग्राहक कमी मिळतो. तसेच्या तसे इथे आणा असे आम्ही म्हणत नाही. पण तिथल्या सरकारने एकतेसाठी घराला हात घातला, एवढे खरे.

इतके दूर जायचेही कारण नाही. भिवंडी आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेले हे यंत्रमागांचे गाव. पुढे पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी आणि मिरवणारे बाजूला ठेवून मागावरचा कामगार, रिक्षावाला, दुकानदार असे दोन्ही समाजांचे साधे लोक पोलिसांबरोबर नेमाने बसू लागले. नळाचे भांडण, गटाराचे भांडण, पोरांची मारामारी, सगळे तिथे येई. भाषणे कमी, कामे जास्त. त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली ही मोठी गोष्ट आहे आणि ती आपण जवळजवळ विसरलो आहोत. मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी दंगलीनंतर तोच मार्ग धरला. भिवंडीत मैत्री करा असे कोणी कोणाला सांगितले नव्हते. गटार दुरुस्त करता करता ती झाली.

उलट 2015 मध्ये घोषित झालेल्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. विद्यार्थ्यांचे दौरे होतात, नृत्ये होतात, खाद्यमहोत्सव होतात. मात्र मुंबई-पुण्यात आपल्या घरचा नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर अनेकदा ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातला असतो. तो आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकून तासभर काम करतो. त्याला गावचे नाव विचारणारे, पाण्याबरोबर चहा देणारे किती? ओडिशा आपल्या घरात येऊन गेलेला असतो आणि आपण त्याला शाळेच्या रंगमंचावर शोधतो. एकमेकांची भाषा शिका, एकमेकांच्या घरी राहा, असे साने गुरुजी आंतरभारतीच्या निमित्ताने सांगत होते. त्यांना देखावा अभिप्रेत नव्हता, सहवास होता.

सहवासाच्या जागी सक्ती आली की काय होते ते पाहा. 2025 मध्ये मीरा रोडला मराठी बोलला नाही म्हणून दुकानदाराच्या कानशिलात मारणाऱ्यांनी मराठीचे काय भले केले? तिकडे मणिपुरात मे 2023 पासून मैतेई आणि कुकी एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकू शकत नाहीत, मधोमध सुरक्षा दलांचे पट्टे आहेत. एकाच वर्गात शिकलेले मित्र एकमेकांच्या घरी जाऊ शकत नाहीत. तिथे कुठली दौड काढणार?

बेझबरुआ समितीने मागितलेले कलम संसदेच्या येत्या अधिवेशनात न्याय संहितेत घाला. आणि महाराष्ट्र सरकारने केंद्राकडे बोट न दाखवता आपल्या हातातले काम करावे. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी राज्याचा सहकार विभाग काढतो. जात, धर्म, प्रांत, भाषा किंवा आहारावरून घर विकणे वा भाड्याने देणे अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई होईल, एवढे एक कलम त्यात यावे, आणि तक्रार घ्यायला उपनिबंधकाच्या कचेरीत एक माणूस बसवावा. पुढच्या 31 ऑक्टोबरपर्यंत हे व्हावे. एक कलम लिहायला तेवढा वेळ पुरतो.