हायवाच्या चाकाखाली गोदाकाठ

मराठवाड्यात सायकलने फिरावे असा सगळ्यात देखणा रस्ता कोणता, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी वेरूळ-म्हैसमाळचा घाट येतो. आमचे मत वेगळे आहे. छत्रपती संभाजीनगरकडून धुळे-सोलापूर महामार्गाने यायचे, शहागडला गोदावरीचा पूल न ओलांडता डावीकडे वळायचे आणि नदीच्या उत्तर तीराने गोंदी, जोगलादेवी, कुंभार पिंपळगाव करत समर्थ रामदासांच्या जांबसमर्थला पोहोचायचे. पुढे परतूर तालुका ओलांडला की परभणी जिल्हा लागतो. रस्ता जवळपास सपाट. एका बाजूला ऊस आणि मोसंबी, दुसऱ्या बाजूला झाडीतून मधूनमधून दिसणारे पात्र. अलीकडचा काठ जालना जिल्ह्याचा, पलीकडचा बीड जिल्ह्याचा, गेवराई-माजलगावचा. त्याच काठावरच्या राक्षसभुवनला 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला धूळ चारली होती. जालन्याची दक्षिण सीमा ही अशी नदीनेच आखलेली आहे आणि तिच्या काठाने सायकल चालवणे म्हणजे या मुलखाचा इतिहास आणि शेती एकाच बैठकीत वाचून काढणे आहे.

हा रस्ता आपण गमावत आहोत. हायवा आणि टिप्पर, म्हणजे वाळूने भरलेले अवजड ट्रक, तो आपल्या डोळ्यांदेखत हिरावून नेत आहेत.

सायकल म्हटले की हेल्मेट, चकचकीत कपडे आणि पन्नास हजारांची गाडी डोळ्यांसमोर येते आणि ‘हा शहरातल्या हौशी मंडळींचा प्रश्न’ म्हणून विषय बाजूला सारला जातो. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या रस्त्यांवर सकाळी दहाच्या आसपास उभे राहिले की खरे सायकलस्वार कोण आहेत ते कळते. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या, दप्तर कॅरिअरला करकचून बांधलेल्या, दोघी-तिघी बोलत चाललेल्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. घर ते शाळा अंतर पाच किलोमीटरपर्यंत असले की मुलगी पात्र ठरते. सायकलीसाठीचे अनुदान 2022 मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आले. जालना जिल्हा या योजनेत आहे. शाळा दूर म्हणून सातवीनंतर घरी बसणारी मुलगी या सायकलीने बारावीपर्यंत नेली, हे या भागातला कोणताही मुख्याध्यापक सांगेल. सरकारने मुलीच्या हाती सायकल दिली, पण ती चालवायला रस्ता ठेवला नाही.

रस्त्याची अवस्था शब्दश: बोटाने मोजता येते. डांबराची कड तुटून साइडपट्टीपेक्षा वीतभर वर राहिलेली असते. समोरून हायवा आला, त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही, तर मुलीला त्या कडेवरून खाली उतरावे लागते. पुढचे चाक घसरते, हँडल आडवे होते, दप्तर एकीकडे आणि सायकल दुसरीकडे. वळणावर तर आणखी वाईट. ओल्या वाळूतून पाणी गळत जाते, फाळक्याच्या फटीतून वाळू सांडते आणि डांबरावर तिचा पातळ थर बसतो. मोटारसायकलवाल्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, सायकलवालीला तर ब्रेक दाबणेच महागात पडते.

आता हिशेब पाहा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरहून थोडी जास्त. कोरडी वाळू धरली तरी ब्रासचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते, ओली असली तर त्याहून अधिक. दहा चाकी हायवात सहा ब्रास भरली की सत्तावीस टन माल झाला, गाडीचे स्वत:चे वजन दहा-अकरा टन. एकूण साडेसदतीस टन. कायद्याने तीन आसांच्या अशा वाहनाला मालासह साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. म्हणजे नऊ टन जादा. रस्त्याचे नुकसान वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून अभियंत्यांनी जो नियम काढला, त्यानुसार ते आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. या नियमाने जादा भरलेल्या हायवाची एक खेप कायदेशीर तीन खेपांइतका रस्ता उखडते. आणि आपले ग्रामीण रस्ते बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटर रुंदीचे, बैलगाडी, ट्रॅक्टर आणि एसटीच्या हिशेबाने बांधलेले. ते एका पावसाळ्यात चाळण झाले तर दोष पावसाचा नाही.

याला कायदा नाही असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. वरच्या हायवाचा दंड अडतीस हजार होतो. प्रत्येक खेपेला तो वसूल झाला तर हा धंदा आठवडाभरही टिकणार नाही. पण वजन करायला वजनकाटा लागतो आणि काट्यापर्यंत गाडी नेणारा अधिकारी लागतो. तहसीलची गाडी निघाली की ‘लोकेशन’ देणारी पोरे चौकाचौकांत फोन लावून बसलेली असतात, हे गोदाकाठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. पथक पोहोचेपर्यंत नदीत वाळू ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या केनीचे व्रण तेवढे उरतात.

त्यात नदी ही हद्द. अलीकडे अंबड-घनसावंगीचे महसूल अधिकारी, पलीकडे गेवराई-माजलगावचे. एका काठावर छापा पडला की यंत्रे पात्रातूनच दुसऱ्या काठावर जातात. पात्राची मध्यरेषा कोणी पाहिली आहे? पुराने ती दरवर्षी हलते. दोन जिल्हे आपापल्या कागदांवर कारवाया मोजतात आणि मधली वाळू जात राहते. गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दिला. त्यानंतर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली, राज्याची वाळू धोरणे आली, 2023 मध्ये सरकारी वाळू डेपोचा प्रयोग झाला, 2025 मध्ये पुन्हा लिलाव आणि कृत्रिम वाळूचे धोरण आले. गोदाकाठच्या रस्त्यांना यातल्या कशाचाही दिलासा मिळालेला दिसत नाही.

नवी भीती रात्रीची आहे. जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने वाळू वाहतुकीला चोवीस तास मुभा देण्याची घोषणा केली. दिवसा काढलेली वाळू रात्री नेता येत नाही म्हणून चोरटी वाहतूक फोफावते, असा त्यामागचा युक्तिवाद. महामार्गावर तो कदाचित खपेल. दिवे नसलेल्या, साइडपट्टी नसलेल्या गावरस्त्यावर त्याचा अर्थ वेगळा होतो. पहाटे पाचला दूध घेऊन निघणारा शेतकरी, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे, उन्हाच्या आत निघावे म्हणून काळोखात सायकल काढणारा सायकलस्वार, हे सगळे त्याच वेळी त्याच रस्त्यावर असतात. गाळपाच्या हंगामात तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भर घालतात, ज्यांच्या मागे ना लाल दिवा असतो ना परावर्तक पट्टी.

अंधारात, घाईत, नजर चुकवून वाळू वाहण्याचा परिणाम काय होतो हे या जिल्ह्याने पाहिले आहे. 22 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे जाफराबाद तालुक्यात पासोडी शिवारात पुलाच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. टिप्परने आणलेली वाळू त्या शेडवरच ओतली गेली. पाच जण गाडले जाऊन मरण पावले. तीही जिल्ह्याची सीमाच, बुलढाण्याकडची. त्या पाच जणांचा शोक दोन दिवस झाला, चौकशीच्या घोषणा झाल्या आणि मग बातमी आतल्या पानावर गेली. गोदाकाठी एखाद्या वळणावर शाळेची सायकल हायवाखाली सापडेपर्यंत आपण थांबणार आहोत काय?

सप्टेंबर 2025 च्या महापुराने या काठाचे रस्ते आधीच मोडले. जायकवाडीतून प्रचंड विसर्ग झाला, शेते खरवडून गेली, गावे पाण्यात राहिली. अशा रस्त्यांची दुरुस्ती करायची आणि त्याच रस्त्यांवर पुन्हा साडेसदतीस टन सोडायचे, तर तो पैसा पात्रात फेकल्यासारखाच आहे.

आमच्या मागण्या नेमक्या आहेत. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत आणि सूर्यास्त ते सूर्योदय या काळात गोदाकाठच्या गावरस्त्यांवर वाळूची वाहतूक पूर्ण बंद ठेवावी. महामार्गासाठी चोवीस तासांची मुभा असेल तर ती महामार्गापुरती राहू द्या. शहागड आणि कुंभार पिंपळगाव या दोन ठिकाणी कायमचे वजनकाटे बसवावेत आणि त्यांच्या नोंदी रोज जाहीर कराव्यात. जालना आणि बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पात्रातील कारवाईसाठी एकच संयुक्त पथक नेमावे, ज्याला मध्यरेषेचे बंधन नसेल. आणि जेथून मुली शाळेला जातात त्या प्रत्येक रस्त्याची साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणावी. हे काम मोठे नाही. मुरूम, रोलर आणि इच्छा एवढेच लागते.

एक मागणी मात्र थोडी सविस्तर मांडली पाहिजे, कारण ती आजवर कोणी केलेली आमच्या ऐकिवात नाही. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. पैठणहून निघून तो अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणी जिल्ह्यात जातो, म्हणजे नदीला जवळपास समांतर. त्याच्या कडेने देखभालीचा सेवारस्ता आहे, कुठे धड, कुठे बाभळींनी गिळलेला. युरोपात पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग जगभरातून लोकांना ओढतो. तो बऱ्याच ठिकाणी, घोड्यांनी नावा ओढून नेण्याच्या जुन्या पाऊलवाटेवरूनच जातो. आपल्याकडे तशी वाट कालव्याने आयती करून दिली आहे. जलसंपदा विभागाने निवडक टप्प्यांत हा सेवारस्ता मुरूम टाकून दाबून घ्यावा, दोन्ही टोकांना हायवा शिरणार नाही असे लोखंडी अडसर लावावेत आणि तो फक्त सायकली, पायी चालणारे आणि कालव्याचे कर्मचारी यांच्यासाठी राखावा. आधी शाळेच्या वाटा जोडाव्यात, पर्यटन त्यामागून येईल. जानेवारी 2026 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीसाठी पुणे जिल्ह्यात रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले. सायकलसाठी रस्ता करणे या राज्याला जमते, एवढे त्यातून सिद्ध झाले. घनसावंगीच्या मुलीसाठीही ते जमले पाहिजे.

समृद्धी महामार्ग जालन्यातून जातो आणि त्यावर सायकलला बंदी आहे, ती योग्यच आहे. धुळे-सोलापूर चौपदरी रस्त्यावर सायकल चालवणे जिवावर बेतणारे. मग उरतो गोदाकाठ आणि कालवाकाठ. पावसाळा सरला, पात्र उघडे पडले की वाळूचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास शाळांचे दुसरे सत्रही. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर वजनकाटे, साइडपट्ट्या आणि डाव्या कालव्याचा सेवारस्ता हे तिन्ही विषय निधीच्या आकड्यांसह आले पाहिजेत. पालकमंत्र्यांनी आणि गोदाकाठच्या आमदारांनी त्यावर काय भूमिका घेतली, ते आम्ही नावानिशी छापू.