रात्रीची बंदी आणि आपली मुले

किशोरवयीन मुलांनी रात्री ठराविक वेळेनंतर घराबाहेर राहू नये, असा नियम नगराने करावा काय? मुले उंडारतात, वाहने भरधाव हाकतात, कुसंगतीस लागतात, ही पालकांची चिंता खोटी नव्हे. तथापि असा हुकूम पोलिसांच्या हाती देण्यापूर्वी इतरांचा अनुभव पाहावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत शेकडो शहरांनी हा उपाय योजला. १९९६ साली खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांनी त्याचा पुरस्कार केला. पुढे २०१६ साली संशोधकांनी बारा अभ्यास एकत्र पडताळून पाहिले, तेव्हा या बंदीने गुन्हे घटल्याचे आढळले नाही. शाळेच्या दिवसांत तेथील मुलांच्या मारामाऱ्यांना ऊत येतो तो मध्यरात्री नव्हे, तर शाळा सुटल्यावर. दुपारच्या दुखण्यावर रात्रीचा उतारा कसा लागू पडावा?

आइसलंडमध्येही असा कायदा आहे. हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री आठची, तर तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना दहाची मर्यादा असते. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ मुले मागील महिन्यात मद्याने झिंगलेली होती. २०१६ साली हे प्रमाण शेकडा ५ वर आले. परंतु हे श्रेय एकट्या घड्याळाचे नव्हे. तेथे खेळ व संगीत यांसाठी सरकारने पैसा खर्च केला आणि आईबाप स्वतः गटागटाने रात्रीची फेरी घालू लागले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी सातचा भोंगा वाजताच दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवण्याचा परिपाठ घातला. तो मुलांसाठीच नव्हता, थोरांसाठीही होता. त्याचे मोल यातच आहे.

शिवाय गोमंतकात रात्र ही केवळ भयाची वेळ नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतील मुले जागून नरकासुर उभारतात. जत्रेतील दशावतारी काला पहाटेपर्यंत रंगतो. कित्येक मुले बापाच्या गाड्यावर हात लावून उशिरा घरी परततात. पोलिसाने यांतील उनाड कोण आणि कष्टाळू कोण, हे कसे ओळखावे? आणि आपल्या घरांतून ही बंदी आजही आहेच. मात्र ती बहुधा मुलींनाच असते. भाऊ दहा वाजता आला तर ताट वाढून ठेवायचे आणि बहिणीला दिवेलागणी चुकली तर जाब विचारायचा, हा न्याय नव्हे.

म्हणून आमचे मत असे की, नगराने बंदी घालू नये. त्याऐवजी वाचनालय व क्रीडांगण रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे आणि तेथे पालकांनी पाळीपाळीने लक्ष द्यावे. घरी परतण्याची वेळ घराने ठरवावी. ती मुलगा व मुलगी या दोघांनाही सारखीच असावी. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही कोठे जातो, कोणाबरोबर जातो आणि केव्हा परततो, हे न विचारता सांगून जा. एवढे तुम्ही केलेत, तर पोलिसी बंदीची मागणी करण्याचे कारण पालकांना सहसा उरणार नाही.